एक हजार वस्तीचं गाव अंतराळात: अंदाजपत्रक पायरीपायरीने कसं काढायचं

पाणीपुरवठा योजनेचं अंदाजपत्रक ज्याने ग्रामपंचायतीत एकदा नीट वाचलंय, त्याला बाब, परिमाण, दर आणि रक्कम हे चार रकाने पाठ असतात. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वसाहतीचा खर्चही याच चार रकान्यांत बसतो. हा लेख विदर्भातल्या जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक, विज्ञान मंडळं आणि कॉलेजची मुलं यांच्यासाठी आहे. एक वही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि दोन-तीन मोकळ्या संध्याकाळी एवढ्यावर काम होतं. सोबत दोन प्रयोग दिले आहेत. ते गावात मिळणाऱ्या सामानात होतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळा हिशेब तिकडेच जातो. अंतराळ म्हटलं की पैसा रॉकेटला लागतो असं आपण धरून चालतो. मांडून पाहिलं की दिसतं, पैसा खरा जातो तो तीन ठिकाणी: किरणांपासून वाचवणाऱ्या कवचाच्या वजनात, वस्तू बनवण्याच्या दरात आणि रोजच्या गळतीत.

पायरी १: आधी झालेले आराखडे समोर ठेवा

१९७५ मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रात प्राध्यापक आणि अभियंते १० आठवडे एकत्र बसले. त्यामागे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ'नील यांचा विचार होता. त्यातून निघालेला आराखडा 'स्टॅनफर्ड टोरस' म्हणून ओळखला जातो: सायकलच्या ट्यूबसारखं कडं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, नळीचा व्यास १३० मीटर, वस्ती १०,००० माणसं. वजन सुमारे १ कोटी टन. खर्च त्या वेळच्या दराने १९,०८० कोटी डॉलर, आणि बांधायला २२ वर्षं. तेव्हापासून अमेरिकेतली महागाई जवळपास सहापट झाली आहे, ते धरून आजचा आकडा काढा.

हा आकार डोळ्यांत भरायचा असेल तर बुलढाणा जिल्ह्यात लोणारच्या विवराच्या काठावर उभं राहावं. विवराचा व्यासही १.८ किलोमीटरच्या आसपास आहे. समोरच्या काठापर्यंत नजर टाकली की तेवढं कडं मिनिटाला एक फेरा घेत फिरतंय, हे कळतं.

दुसरा आराखडा 'कल्पना वन'. अंतराळ वसाहतींचे अभ्यासक अल ग्लोबस आणि सहकाऱ्यांनी कल्पना चावला यांच्या नावाने केलेला, २५० मीटर त्रिज्येचा आणि ३२५ मीटर लांबीचा पिंप, ३,००० माणसांसाठी. तिसरा संदर्भ प्रत्यक्षातला: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. वजन सुमारे ४२० टन, एरवी ७ माणसं, एकूण खर्च साधारण १५,००० कोटी डॉलर मानला जातो. या तिन्हींचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे दर तपासायला तेच लागतात.

आपण एक हजार माणसांचं गाव घेऊ.

पायरी २: जागा

माणशी १०० चौरस मीटर धरा. त्यातले साधारण निम्मे घर, शाळा, दवाखाना आणि रस्त्यासाठी, निम्मे शेतीसाठी. हजार माणसांचे होतात १ लाख चौरस मीटर, म्हणजे जेमतेम २५ एकर. आपल्याकडे एवढं वावर दोन-तीन घरांकडे मिळून असतं. इथे त्यात अख्खं गाव राहायचं आणि जेवायचंही आहे, त्यामुळे शेती मजल्यांवर आणि दिव्याखाली घ्यावी लागते.

पायरी ३: फिरकी

वजनरहित अवस्थेत हाडं आणि स्नायू झिजतात. म्हणून कडं फिरवून आत वजन निर्माण करायचं. पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर सूत्र असं: त्रिज्या (मीटर) = ८९५ ÷ (मिनिटाच्या फेऱ्यांचा वर्ग). मिनिटाला १ फेरा धरला तर ८९५ मीटर, २ फेरे धरले तर २२४, आणि ४ फेरे धरले तर ५६ मीटर.

४ फेऱ्यांचं कडं स्वस्त पडतं, पण मान वळवली की कानातलं संतुलन बिघडतं आणि मळमळतं. सवयीने बऱ्याच जणांना ते जमतं, पण म्हातारी माणसं आणि लेकरं राहणार असतील तर २ फेरेच धरावेत. आपली त्रिज्या झाली २२४ मीटर, जमिनीचा घेर १,४०७ मीटर. एवढ्या वजनाची फिरकी माणसांसह अंतराळात आजवर कोणी चालवलेली नाही. १९६६ मध्ये जेमिनी ११ यानाने दोरी बांधून फिरकी घेतली होती, पण त्यातून निर्माण झालेलं वजन नगण्य होतं. अंदाजपत्रकात चाचणीसाठी वेगळी रक्कम लागते ती यासाठी.

आकारात एक फसगत होते. मुलं चित्र काढताना लांबट पिंप काढतात. लांबट वस्तू आपल्या लांब अक्षाभोवती फिरवली की हळूहळू गडबडते आणि आडवी गोलांटी घेऊ लागते. १९५८ मध्ये अमेरिकेच्या एक्सप्लोरर १ उपग्रहाचं नेमकं हेच झालं. चपटं कडं मात्र स्थिर राहतं. म्हणून पिंप हवंच असेल तर त्याची लांबी त्रिज्येच्या १.३ पटीच्या आत ठेवतात.

*प्रयोग.* सायकलचं पुढचं चाक काढा. आस उभी राहील असं लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवा, म्हणजे चाक आडवं फिरेल. रिंगला समोरासमोर दोन लहान बाटल्या ५ सेंटिमीटर दोरीने टांगा, प्रत्येकीत ५० मिलीलीटर पाणी, झाकण घट्ट. चाक फिरवा आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. दोरी बरोबर ४५ अंशांत झुकली की फिरकीचं वजन पृथ्वीच्या वजनाइतकं झालं. २८ सेंटिमीटर त्रिज्येच्या रिंगला मिनिटाला ५३ च्या आसपास फेरे लागतात. झुकल्यावर बाटली आणखी साडेतीन सेंटिमीटर बाहेर जाते, ती त्रिज्येत मिळवायची. हे विसरलं तर उत्तर ५६ किंवा ५७ येतं, आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

मग एका बाटलीतलं पाणी काढून पुन्हा फिरवा. चाक थरथरू लागेल. वसाहतीतही सभेला सगळं गाव एका बाजूला जमलं तर अक्ष सरकतो. म्हणून कड्याभोवती पाण्याच्या टाक्या ठेवून पंपाने पाणी इकडून तिकडे खेळवावं लागतं. टाक्या, पंप आणि नळ हे अंदाजपत्रकात लिहायचं बहुतेक जण विसरतात.

पायरी ४: नळी, हवा आणि पोलाद

नळीचा व्यास ४० मीटर घ्या. मधोमध वरचा मजला: ४० × १,४०७ = सुमारे ५६,००० चौरस मीटर, तिथे गाव. त्याखाली ७ मीटरवर दुसरा मजला: रुंदी ३७.५ मीटर, क्षेत्र सुमारे ५४,००० चौरस मीटर, तिथे शेती. गरजेपेक्षा थोडं जास्तच मिळालं.

नळीचं आकारमान सुमारे १७ लाख ७० हजार घनमीटर येतं. हवा पूर्ण दाबाची भरू नका, अर्धा दाब, म्हणजे ५० किलोपास्कल, पुरतो. फक्त प्राणवायू पृथ्वीवर आहे तेवढाच ठेवायचा आणि नायट्रोजन कमी करायचा. घनमीटरला ०.६ किलोप्रमाणे हवा झाली सुमारे १,०६० टन. यात धोका एकच: हवेत प्राणवायूचं प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास जातं आणि आग झपाट्याने पसरते. १९६७ मध्ये अपोलो १ च्या चाचणीत शुद्ध प्राणवायूत लागलेल्या आगीने तीन अंतराळवीर गेले. कापूस, कागद आणि साधं लाकूड या गावात मोकळं ठेवता येत नाही.

आता पत्र्याची जाडी. सूत्र: दाब × नळीची त्रिज्या ÷ पोलादावर येऊ द्यायचा ताण. ५०,००० × २० ÷ २० कोटी = ५ मिलीमीटर. (बांधकामाचं चांगलं पोलाद ३५ कोटी पास्कलला झुकतं. आपण २० कोटीवर थांबतो, बाकीचं सुरक्षेला.) नळीचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे १ लाख ७७ हजार चौरस मीटर, ५ मिलीमीटर पत्रा चौरस मीटरला ३९ किलो, एकूण सुमारे ७,००० टन.

फिरकीमुळे सगळं सामान बाहेर ओढतं. ते धरायला कड्याभोवती पोलादी पट्टे लागतात. इथलं सूत्र फार सोपं आहे: ताण = एकूण वस्तुमान × ९.८ ÷ ६.२८. त्रिज्या त्यात येतच नाही. आपल्या ४६,००० टनांना (पत्रा, हवा आणि पायरी ५ मध्ये येणारं सामान व पाणी मिळून) ताण येतो सुमारे ७ कोटी २० लाख न्यूटन, त्याला ०.३६ चौरस मीटर छेदाचे पट्टे लागतात. स्वतःचं वजन पेलायला ९ टक्के वाढवले की सुमारे ४,३०० टन.

पृथ्वीजवळच्या कक्षेत दिवसाला साधारण १६ वेळा सूर्य उगवतो आणि मावळतो. म्हणजे पत्रा वर्षातून ५,८०० वेळा तापतो आणि थंड होतो. तडा जातो तो मधल्या पत्र्यात नाही, वेल्डिंगच्या शिवणीत. म्हणून तपासणीसाठी शिवणीपर्यंत माणसाचा हात पोचला पाहिजे. भिंतीला कपाटं ठोकून ती झाकू नयेत.

पायरी ५: आतलं सामान

दोन्ही मजल्यांवर चौरस मीटरला ३०० किलोची मर्यादा घाला. ती किती कडक आहे हे समजायला आपल्या घराचा पाच इंची स्लॅब घ्या, नुसतं त्याचंच वजन ३०० किलोच्या वर जातं. म्हणजे विटा नाहीत, सिमेंट नाही. जमिनीचे पत्रे, हलक्या भिंती, मांडण्या, यंत्रं आणि माणसं मिळून या ३०० किलोत: १,१०,००० चौरस मीटरला ३३,००० टन.

काळी माती न्यायचा मोह इथेच सोडावा. एक फूट ओली काळी माती चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरते. ५४,००० चौरस मीटरला २७,००० टन होतात आणि अंदाजपत्रक दीडपट होतं. पिकं पाण्यावर किंवा नारळाच्या भुशावर घ्यावी लागतात. बुटका गहू, सोयाबीन, भुईमूग, बटाटा, रताळं, पालेभाज्या ही पिकं बसतात. उंच ज्वारी आणि पऱ्हाटी बसत नाही, कारण मांडणीच्या दोन थरांत जेमतेम मीटरभर जागा असते. बी उगवण्याची अडचण नाही. इस्रोने जानेवारी २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६० च्या चौथ्या टप्प्यावर चवळीच्या ८ बिया उगवून दाखवल्या.

पाणी माणशी ५ टन, एकूण ५,००० टन. पिकांच्या नळ्या, टाक्या आणि तोल सांभाळायचं पाणी यातच आलं.

वीज शेतीच जास्त खाते. दिव्यांना चौरस मीटरला ३०० वॉट धरले तर १६ मेगावॉट होतात. घरं आणि यंत्रं मिळून २० मेगावॉट. अंतराळात उन्हाची ताकद चौरस मीटरला १,३६१ वॉट असते, ३० टक्के कार्यक्षमतेचं पॅनेल त्यातले ४०० देतं, आणि कक्षेतला सुमारे ६० टक्के वेळच ऊन. हिशेबाने ८३,००० चौरस मीटर पॅनेल, २० एकरांच्या वर. हे २० मेगावॉट शेवटी उष्णता होऊन आतच राहतात. बाहेर हवा नाही, त्यामुळे वाऱ्याने काही निवत नाही. उष्णता फक्त किरणांनी बाहेर जाते, आणि त्यासाठी आणखी ३३,००० चौरस मीटरचे उष्णता टाकणारे पंख (रेडिएटर) लागतात. मुलांच्या मॉडेलमध्ये सोलर पॅनेल असतंच, हे पंख मात्र कधी नसतात. ते लावायला सांगा. पॅनेल, बॅटऱ्या आणि पंख मिळून १,००० टन.

आता बेरीज:

पोलाद ११,३०० टन
मजले, घरं, यंत्रं ३३,००० टन
हवा १,०६० टन
पाणी ५,००० टन
वीज आणि उष्णता १,००० टन

एकूण सुमारे ५१,००० टन, म्हणजे माणशी ५१ टन.

पायरी ६: कक्षा निवडा, कारण कवच तीच ठरवते

यात अजून कवच नाही. आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन चौरस मीटरला सुमारे १० टन असतं आणि तीच आपल्याला विश्वकिरणांपासून वाचवते. स्टॅनफर्ड टोरसमध्ये चौरस मीटरला साडेचार टन मातीचं कवच होतं, आणि त्या १ कोटी टनांतलं जवळपास सगळं वजन त्याचंच. आपल्या कड्याला चौरस मीटरला ५ टन घातले तर १,७७,००० × ५ = ८ लाख ८५ हजार टन. गावाच्या वजनाच्या सतरापट.

आणि हे कवच कड्यासोबत फिरवायचंच नाही. फिरवलं तर त्याचंही वजन पट्ट्यांना ओढावं लागेल आणि पट्टेच सुमारे वीसपट जाड होतील. कवच बाहेर स्थिर, आत कडं फिरतंय, मधे थोडं अंतर, असं रचतात. दोन्ही एकमेकांना घासली तर वसाहत संपली, म्हणून हे अंतर राखणारी यंत्रणा दुहेरी हवी.

कवच टाळायची एक वाट आहे. विषुववृत्तावरून, ५०० किलोमीटर उंचीच्या आसपास फिरायचं. तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बरेचसे किरण परतवतं. ग्लोबस आणि सहकाऱ्यांच्या हिशेबाने तिथे जवळपास कवच नसतानाही वर्षाचा डोस २० मिलिसिव्हर्टच्या (शरीराला बसणाऱ्या किरणांचं माप) आत राहू शकतो. पण हा आकडा वाचताना सावध राहा. भारतात २० मिलिसिव्हर्ट ही किरणांजवळ काम करणाऱ्या कामगारांची वार्षिक सरासरी मर्यादा आहे. सामान्य माणसासाठी मर्यादा आहे १. गरोदर बाई आणि लहान मूल असलेल्या गावाला कामगारांची मर्यादा लावणं मला पटत नाही. झोपायच्या खोल्यांभोवती पाण्याच्या टाक्या ठेवून डोस आणखी खाली आणावा. पाणी तसंही नेतोच आहोत.

विषुववृत्तीय कक्षेला श्रीहरिकोट्याहून सरळ जाता येत नाही. ते १३.७ अंश उत्तरेला आहे, आणि कक्षेचा कल बदलायला सेकंदाला सुमारे १.८ किलोमीटर जादा वेग लागतो. साध्या रॉकेट समीकरणाने इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटचे ८ टन साडेचारच्या आसपास येतात. म्हणून प्रक्षेपणाची जागा विषुववृत्ताजवळ किंवा समुद्रातल्या तळावर धरावी.

कमी उंचीची दुसरी अडचण म्हणजे विरळ हवेचं घर्षण. कक्षा उतरत जाते आणि ती इंधन जाळून वर न्यावी लागते. ते थांबलं तर काय होतं हे चंद्रपूर जिल्ह्याला माहीत आहे: २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं आकाशातून पडलं आणि आसपास धातूचे गोळे सापडले. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असं तज्ज्ञांनी सांगितलं. ते थोडकंच सामान होतं. ५१,००० टनांच्या वसाहतीच्या अंदाजपत्रकात इंधनाचा साठा आणि शेवटी ती सुरक्षित मोडण्याचा खर्च, या दोन ओळी पहिल्या दिवसापासून हव्यात.

पायरी ७: दर लावा

हिशेबासाठी डॉलर ८५ रुपये धरा. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटची २०२२ मधली जाहीर किंमत ६.७ कोटी डॉलर आणि कमाल क्षमता २२.८ टन. भागाकार सुमारे २,९०० डॉलर किलो, म्हणजे अडीच लाख रुपये. (खरा दर याहून जास्त पडतो. कमाल क्षमता मिळते ती पहिला टप्पा परत आणायचा नसेल तरच, आणि जाहीर किंमत असते परत वापरायच्या टप्प्याची. अशी दोन टोकं जुळवून काढलेला दर कोणी दाखवला तर तो आधी तपासा.)

५१,००० टन म्हणजे ५ कोटी १० लाख किलो. अडीच लाखाने गुणलं की १२ लाख ७५ हजार कोटी रुपये, माणशी १,२७५ कोटी. केंद्र सरकारचा २०२५-२६ चा पूर्ण अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा आहे. त्याचा चौथा हिस्सा नुसत्या वाहतुकीला गेला. कवचही पृथ्वीवरून नेलं तर त्याचेच २२१ लाख कोटी. इथे ती वाट बंद होते.

दर १०० डॉलरवर आला तर? किलोला ८,५०० रुपये, एकूण ४३,३५० कोटी. गगनयान कार्यक्रमाला सप्टेंबर २०२४ मध्ये एकूण २०,१९३ कोटी मंजूर झाले, त्याच्या दुपटीहून थोडं जास्त. आकडा एकदम आवाक्यातला वाटतो आणि बहुतेक लेख इथेच संपतात.

पण हे झालं फक्त भाडं. सामान बनवायचा दर वेगळा. आंतरराष्ट्रीय स्थानकाचे १५,००० कोटी डॉलर ४,२०,००० किलोंनी भागा: किलोला साडेतीन लाख डॉलरच्या वर, म्हणजे ३ कोटी रुपये. (यात उड्डाणं आणि काही वर्षांचा चालवण्याचा खर्चही आहे.) प्रवासी विमान किलोला साधारण लाख-सव्वा लाख रुपयांत तयार होतं. आपलं गाव विमानाच्या दराने, किलोला १ लाखात, बनवता आलं तरी ५ लाख १० हजार कोटी लागतात. म्हणजे रॉकेट १०० डॉलरवर आलं तरी भाडं ४३ हजार कोटी आणि बनवणी त्याच्या बारापट. खर्च खाली आणायचा असेल तर अंतराळयंत्रं कारखान्यात हजारांनी काढता यायला हवीत, एकेक घडवून नाही. यावर फार कमी बोललं जातं.

उड्डाणांची संख्याही लिहा. १०० टन नेणारं रॉकेट धरलं तर ५१० उड्डाणं. २०२४ मध्ये साऱ्या जगाने मिळून कक्षेत जाण्याचे अडीचशेहून अधिक प्रयत्न केले.

पायरी ८: चालू खर्च आणि गळती

माणसाला रोज ०.८४ किलो प्राणवायू, सुमारे ०.६ किलो कोरडं अन्न आणि अडीच-तीन लीटर पिण्याचं पाणी लागतं. तो सुमारे १ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. जल जीवन मिशनच्या निकषाने माणशी ५५ लीटर धरलं तर गावाचं वर्षाचं पाणी २०,००० टन.

आंतरराष्ट्रीय स्थानकात ९८ टक्के पाणी परत मिळवता आलं, असं नासाने २०२३ मध्ये जाहीर केलं. फार मोठं यश आहे. आता उरलेल्या २ टक्क्यांना आपला दर लावा: ४०० टन × किलोला अडीच लाख = वर्षाला १०,००० कोटी. ९९.९ टक्के गाठलं तर ५०० कोटी. हवा रोज हजारात एक भाग गळली तर दिवसाला सुमारे १ टन, म्हणजे २५ कोटी रुपये रोजचे. वसाहत टिकेल की नाही हे इथे ठरतं. बांधकाम एकदा होतं, गळती रोज असते.

बंद जागेतली शेती बिघडते कशी, याचा सगळ्यात मोठा धडा अ‍ॅरिझोनात मिळाला. बायोस्फिअर २ या १.२७ हेक्टरच्या काचघरात १९९१ ते १९९३ आठ माणसं राहिली. सोळा महिन्यांत प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून १४ च्या आसपास आला आणि बाहेरून सोडावा लागला. कारण मातीत होतं. सेंद्रिय खत भरपूर असलेल्या मातीतले जिवाणू प्राणवायू खात राहिले. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांनी घ्यायला हवा होता, तो नव्या काँक्रीटने शोषला आणि तिथेच चुनखडी होऊन बसला. वावरात जे खत वरदान, ते बंद घरात हवेला भारी पडतं.

उलटही होतं. पिकाचा निम्मा भाग आपण खात नाही. ते कुटार ढीग लावून ठेवलं तर कार्बन त्यात अडकतो आणि पुढच्या पिकाला कार्बन डायऑक्साइड कमी पडतो. म्हणून कुटार ठरावीक वेगाने जाळणारं किंवा कुजवणारं यंत्र लागतं, आणि त्याचा वेग रोज हवा मोजून ठरवावा लागतो.

*प्रयोग.* पाच लीटरच्या दोन पारदर्शक बरण्या. प्रत्येकीत १ किलो चाळलेली माती, एकीत त्यावर २०० ग्रॅम ताजं शेणखत मिसळा. दोन्हींत १५० मिलीलीटर पाणी. खाण्याचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरची निवळी अलगद काढा, २० मिलीलीटर निवळी वाटीत घालून प्रत्येक बरणीत उंचवट्यावर ठेवा. झाकणाच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि व्हॅसलीन. काळं कापड टाकून दर दोन तासांनी पाहा. खताच्या बरणीतल्या निवळीवर पांढरी साय आधी येते आणि जाड येते. ती साय म्हणजे मातीने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याची केलेली चुनखडी.

चुकतं कुठे: निवळी उघडी राहिली तर हवेनेच पांढरी होते, म्हणून ती शेवटी ठेवा. झाकणाखालचे थेंब वाटीत पडतात, म्हणून बरणी थोडी कलती ठेवा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शाळेत बरणी उन्हात ठेवली तर आतलं सगळं शिजून जातं, म्हणून सावलीची खोली निवडा. चुना डोळ्यांजवळ नेऊ देऊ नका. पुढे याच बरणीत मेथी पेरायची असेल तर निवळी काढून घ्या, नाहीतर रोपाच्या वाट्याचा वायू तीच खाऊन टाकेल.

पायरी ९: चंद्राचा पर्याय मांडा

पृथ्वीपासून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, चंद्रापासून २.४. किलोमागे ऊर्जा बाविसाव्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय चंद्रावर हवा नाही, त्यामुळे माती विजेच्या रुळावरून थेट फेकता येते. त्या मातीत वजनाने ४० टक्क्यांहून जास्त प्राणवायू आहे, शिवाय सिलिकॉन, लोह, अ‍ॅल्युमिनियम. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरनेही २०२३ मध्ये अ‍ॅल्युमिनियम, लोह, कॅल्शियम आणि गंधक मोजलं. कार्बन, नायट्रोजन आणि हायड्रोजन मात्र तिथे फार थोडे, म्हणून खतं पृथ्वीवरूनच न्यावी लागतात.

८ लाख ८५ हजार टन कवचाची बाब इथेच सुटते, पण वसाहत चंद्राच्या जवळ असेल तरच. पृथ्वीजवळ आणली तर कवचाची गरजही उरत नाही आणि चंद्राची माती तिथवर आणून थांबवायला पुन्हा इंधन लागतं. म्हणून दोन अंदाजपत्रकं वेगवेगळी करा, सरमिसळ नको: एक पृथ्वीजवळचं, बिनकवचाचं, सगळं पृथ्वीवरून, दुसरं दूरचं, कवचासह, चंद्रावरची खाण धरून. दुसऱ्यात खाणीचा खर्च पहिल्या दिवशी येतो आणि पहिलं कवच कित्येक वर्षांनी. त्या वर्षांचं व्याज लिहायला विसरू नका.

मला यातून काय दिसतं ते स्पष्ट लिहितो. हजार माणसांचं गाव आजच्या कोणत्याही दराने होत नाही. ५६ मीटर त्रिज्येचं, ४ फेऱ्यांचं, पन्नास-शंभर माणसांचं कडं विषुववृत्तीय कक्षेत उभं करता येईल, पण त्याआधी पाणी ९९.९ टक्के परत मिळवणं आणि कुटार-हवेचा ताळमेळ वर्षभर बिघडू न देणं, हे जमिनीवर बंद घरात करून दाखवावं लागेल. ते काम रॉकेटशिवाय होतं. कृषी विद्यापीठं, वनस्पतिशास्त्राची मुलं आणि पिकं जाणणारी माणसं आपल्याकडे आहेत.

वहीत दराचा रकाना पेन्सिलने भरा. भारतीय अंतराळ स्थानकाचं पहिलं मॉड्यूल २०२८ मध्ये नेण्याचं आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत उभं करण्याचं नियोजन आहे. पूर्ण स्थानकाचं वजन सुमारे ५२ टन. पहिल्या मॉड्यूलचा खर्च आणि वजन जाहीर झालं की भागाकार करा आणि पायरी ७ मधल्या १ लाखाच्या जागी तो आकडा लिहून खालच्या सगळ्या बेरजा पुन्हा करा.